डावीकडं चार बोटं

सरकारी ऑफिसात कागद साचतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण कागदांना निदान नियम आहे. कुठला एका वर्षानं फाडायचा, कुठला पाच वर्षांनी, कुठला कधीच फाडायचा नाही, हे सगळं छापून आलेलं आहे. किश्श्यांना असला कुठलाच नियम नाही. ते नुसते साचत जातात. डबा खायला बसलं की कुणीतरी म्हणतं, "बाई, तो म्हशीचा सांगा की!" आणि म्हशीच्या मागोमाग बाकीचे सगळे बाहेर पडतात.

मी आवक-जावकला आहे. म्हणजे ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला नोंद करायची आणि कागद मिळाल्याची पोच माणसाच्या हातात द्यायची. ऑफिस शाहूपुरीत आहे. नाव सांगत नाही, अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे. रस्ते, गटारी, मोऱ्या, आणि त्या रस्त्यांवर जे काही उभं राहतं किंवा पळतं त्याची परवानगी, हे आमचं खातं.

पण माझ्या शिक्क्याच्या आधी कागदाला भाऊसाहेबांच्या टेबलावरून जावं लागतं. भाऊसाहेब म्हणजे आमचे मुख्य लिपिक. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. निळं पेन सहीचं आणि लाल पेन त्रुटी काढायचं. निळं पेन वर्षातून एकदा बदलतात, लाल दर पंधरवड्याला!

त्यांचे नियम सगळ्या ऑफिसला पाठ. अर्ज दोन प्रतींत हवा. सहीखाली तारीख हवी. जोडलेल्या कागदांची यादी "सोबत" म्हणून खाली हवी. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, "डावीकडं चार बोटं जागा सोडा!" तिथं पंचिंगनं भोक पाडून कागद फाइलीला लावायचा असतो. ती जागा नसेल तर अर्ज जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या माणसाचा असो, तो परत जातो.

*

गुंडूआबा पहिल्यांदा आले ते वहीचं पान घेऊन. शाहूवाडी तालुक्यात डोंगरात त्यांची चाळीस उंबऱ्यांची वाडी आहे. वाडी आणि शाळा यांच्या मधे ओढा, आणि ओढ्यावर जांभळीची दोन खोडं आडवी टाकलेली. त्यावरून पोरं जायची. पावसाळ्यात ओढा खोडांच्या वरून वाहायचा, आणि मग चार महिने वाडीतलं एकही पोर शाळेत जायचं नाही. आबांना तिथं साकव हवा होता, म्हणजे माणसं चालत पलीकडं जातील एवढा छोटा पूल. बाकी काही नको.

पान या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेलं. भाऊसाहेबांनी लाल पेन काढलं.

"आबा, डावीकडं जागा कुठाय?"

"जागा कशाला वाया घालवायची? कागूद इकत आणलाय की!"

"चार बोटं जागा सोडून परत लिहून आणा."

आबा पान घडी करून गेले. शाहूवाडीहून यायला एस्टीनं अर्धा दिवस जातो. चौथ्या दिवशी ते परत आले. अर्ज बघून भाऊसाहेब चक्रावले. डावीकडं अर्धं पान कोरं, आणि मजकूर उजव्या कडेला दाटीवाटीनं बसलेला, पार पाठपोट उतरलेला.

"हे काय?"

आबांनी आपला उजवा हात कागदावर पसरून ठेवला. आयुष्यभर नांगर धरलेला हात तो. चार बोटांत अर्धं पान झाकलं.

"तुम्ही चार बोटं म्हणालासा. ही माझी चार बोटं. बसत्यात का न्हाय बगा!"

बरोब्बर बसत होती. भाऊसाहेबांनी स्वतःची बारीक बोटं टेबलाखाली घेतली. मग त्यांना दिसलं की सहीखाली तारीख नाही. त्रुटी!

*

आता तालमीचा. गणपतीत रस्त्यावर कमान उभी करायची म्हणून एका तालमीचा अर्ज आला. खाली बासष्ट सह्या. आमच्या बोर्डावर त्या वेळी लिहिलेलं होतं, "सही करणाऱ्या सर्व अर्जदारांनी ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे." भाऊसाहेबांनी बोर्डाकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जिना हादरायला लागला. वस्ताद पुढं आणि मागं सगळे पैलवान. आमच्या ऑफिसात खुर्च्या बारा. आमचे मोठे साहेब केबिनमधून डोकावले आणि तसेच आत गेले.

भाऊसाहेब शांत. त्यांनी यादी घेतली आणि हजेरी सुरू केली. एकेक पैलवान "हजर!" म्हणून ओळखपत्र दाखवत होता. एकेचाळीसला गाडी अडली. नाव पुकारलं, कुणी बोलेना. परत पुकारलं.

"हजर!" आवाज मागून आला. हातात चहाचा ट्रे घेऊन आमचा शिपाई बंडूदादा उभा होता. तालमीचा जुना गडी, सही त्यानंही केली होती.

"ओळखपत्र?" भाऊसाहेबांनी विचारलं. रोज सकाळी ज्याच्या हातचा चहा पितात त्याला!

बंडूदादानं गळ्यातलं ऑफिसचं कार्ड पुढं केलं. भाऊसाहेबांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. "मुदत संपलीय. त्रुटी."

"अवो, नवीन कार्डाचा अर्ज तीन महिनं झालं तुमच्याच टेबलावर पडलाय की!" बंडूदादा ओरडला.

भाऊसाहेबांनी ढिगातून त्याचा अर्ज शोधून काढला. उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मार्जिन न्हाय सोडलेलं."

*

म्हशीचा किस्सा दिवाळी पाडव्याचा. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यावरून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं, पाठीवर नक्षी, आणि मालक गाडीवर पुढं, म्हैस हाकेसरशी मागं. एका गवळ्याचा म्हैस पळवायच्या परवानगीचा अर्ज आला. नमुन्यात उजव्या कोपऱ्यात चौकोन असतो, "फोटो चिकटवा" म्हणून. त्यानं म्हशीचा चिकटवला. चांगला स्टुडिओत काढल्यासारखा, शिंगांना रिबिनी वगैरे.

"पावणं, इथं तुमचा फोटो पायजे," भाऊसाहेब म्हणाले.

"पळणार कोण? ती. मग माझा फोटू कशाला?"

भाऊसाहेबांनाही त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "मग सही पण तिचीच आणा!"

गवळी जराही हसला नाही. "सही येत न्हाय तिला. अंगठा चालतोय का?"

"निरक्षर असेल तर चालतो."

"अंगठा न्हाय वो, खूर हाय. चालंल का?"

आम्ही सगळे खो खो हसत होतो. भाऊसाहेब मात्र उठले. त्यांनी कपाटातून कार्यपद्धतीचं जाडजूड पुस्तक काढलं आणि खरंच चाळायला लागले. दहा मिनिटांनी मान वर केली.

"स्पष्ट मनाई कुठं न्हाय," ते म्हणाले, "पण साक्षीदार दोन लागतील."

*

मधल्या काळात गुंडूआबांचा दुसरा अर्ज आला, मग तिसरा. दर वर्षी एक, कारण त्रुटी दुरुस्त होईपर्यंत त्या वर्षाचे पैसे संपायचे आणि नव्यानं अर्ज करावा लागायचा. दुसऱ्या वर्षी मार्जिन बरोबर होतं, तारीख होती, पण अर्ज ग्रामपंचायतीमार्फत नव्हता. तिसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीचं पत्र होतं, पण ठरावाची नक्कल नव्हती. दर वेळी आबा विचारायचे, "बाई, औंदा तरी हुईल का?" आणि मी म्हणायची, "होईल आबा."

त्रुटी काढलेला अर्ज वर्षभरात दुरुस्त होऊन आला नाही तर तो ड वर्गात जातो. ड वर्ग म्हणजे एक वर्ष ठेवून नष्ट करायचे कागद. ते पांढऱ्या रुमालात बांधतात. आमच्याकडं गठ्ठा बांधायच्या कापडाला रुमाल म्हणतात. कायमचे जपायचे कागद अ वर्गात, लाल रुमालात. आबांचे तिन्ही अर्ज मीच पांढऱ्या रुमालात बांधले. गाठ मारताना दर वेळी वाईट वाटायचं, आणि दर वेळी मी ती मारायचीच.

*

तुम्हाला वाटेल भाऊसाहेब लोकांनाच छळायचे. तसं नाही. शासनालाही सोडलं नाही त्यांनी!

सगळं ऑनलाइन झालं तेव्हाची गोष्ट. उचगावचे एक वर्कशॉपवाले गटारीवर फरशी टाकायची परवानगी मागायला आले. अर्ज पोर्टलवर भरलेला. आता ऑनलाइन अर्जाचीसुद्धा प्रिंट काढून आमच्याकडं द्यावी लागते, दोन प्रतींत. त्यांनी दिली.

भाऊसाहेबांनी बघितलं. पोर्टलवरून निघालेल्या प्रिंटला डावीकडं जेमतेम एक बोट जागा.

"परत आणा."

"अवो साहेब, हे मी न्हाय केलं, सरकारच्या कॉम्प्युटरनं केलंय!"

"सरकारला नियम न्हाईत व्हय?"

वर्कशॉपवाले डोक्याला हात लावून बसले. शेवटी भाऊसाहेबांनीच तोडगा काढला. प्रिंटच्या कडेला कोऱ्या कागदाची पट्टी खळीनं चिकटवून दिली, चार बोटं रुंद. आणि त्याच दुपारी बसून मंत्रालयाला पत्र लिहिलं की आपल्या पोर्टलला मार्जिन नाही, तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी. दोन प्रतींत. सोबत नमुना एक.

आठ महिन्यांनी पत्र परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, "सूचना फक्त ऑनलाइन स्वीकारल्या जातात."

भाऊसाहेबांनी तो शेरा दोनदा वाचला आणि मान डोलावली. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाले.

*

एक किस्सा माझ्यावरचा आहे, तोही सांगते. एकदा भाऊसाहेबच माझ्या खिडकीसमोर लायनीत उभे. पुढं चार माणसं, तरी मधे घुसले नाहीत. नंबर आल्यावर अर्ज सरकवला. रजेचा होता. मी नीट बघितलं आणि मला उकळ्याच फुटल्या. सहीखाली तारीख नव्हती! इतक्या वर्षांत हा माणूस माझ्या तावडीत पहिल्यांदा सापडला होता.

"त्रुटी!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लायनीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, टेबलावर जाऊन तारीख घातली आणि परत लायनीच्या शेवटी उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "बरोबर काढलीत, बाई."

शिक्का मारताना मी कारण वाचलं. बायकोचं मोठं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. मला फार लाज वाटली. हा माणूस नियम दुसऱ्यांना अडवायला वापरत नाही, तो स्वतःच नियमांवर उभा आहे, हे मला तेव्हा कळलं.

*

आणि आता खोडाचा.

चौथ्या वर्षी गुंडूआबा आले ते फेब्रुवारीत. अर्ज असा की फ्रेम करून लावावा. दोन प्रती, तारीख, ग्रामपंचायतीचं पत्र, ठरावाची नक्कल, सगळं जिथल्या तिथं. शिवाय एक फोटो. ओढ्यावरचं एक खोड मधोमध मोडलं होतं. आता एकाच खोडावरून पोरं जात होती, तीही पावसाळा लागेपर्यंतच.

"बाई, एक पोरगं पडलं परवा," आबा मला म्हणाले. "पाण्यात न्हवं, दगडावर. हात मोडला. पानी असतं तर घावलं नसतं."

साहेबांनी मागच्याच आठवड्यात तोंडी सांगून ठेवलं होतं, साकवाचे नवे अर्ज पुढच्या वर्षी बघू. भाऊसाहेबांनी अर्ज तीनदा वाचला. लाल पेन हातात, पण टेकवायला जागा सापडेना. शेवटी फोटो उचलला.

"आबा, हा फोटो म्हणजे नक्कल झाली. नक्कल खरी हाय असा शिक्का मारायचा तर मूळ बघावं लागतंय. मूळ आणा."

"मूळ म्हंजे?"

"ज्याची ही नक्कल हाय ते."

मी ताडकन उठले. चार वर्षं सांभाळलेलं तोंड सुटलं. "भाऊसाहेब, लाज वाटू द्या जरा! लाकूड आणून दाखवतील काय ते?"

"नियम हाय, बाई," ते म्हणाले, आणि खाली मान घालून लिहायला लागले. आबा माझ्याकडं बघत होते, त्यांच्याकडं बघत होते. मग जिना उतरून गेले. मी दोन दिवस भाऊसाहेबांशी बोलले नाही. त्याच आठवड्यात त्यांनी पॅसेजमधलं मोठं कपाट बंडूदादाकडून दुसरीकडं हलवून घेतलं. धूळ साचते म्हणाले.

शिमगा होऊन चार दिवस झाले असतील. खाली टेम्पो थांबला. पाठोपाठ जिन्यावर "हळू, हळू, डोकं सांबाळ!" असा गलका. वाडीतले दहा गडी मोडकं खोड खांद्यावर घेऊन वर आले. पुढं गुंडूआबा.

"पावणं, होळी झाली की! आता कशाला लाकूड?" बंडूदादा म्हणाला.

"मूळ हाय," आबा म्हणाले. "दाखवायला आणलंय."

भाऊसाहेब उठले. फोटो खोडाशेजारी धरला. मोडलेली जागा, गाठी, कुऱ्हाडीचे घाव, एकेक खूण ताडून बघितली. फोटोवर "खरी नक्कल" असा शिक्का मारला. मग आबांना "सोबत" खाली स्वतःच्या हातानं लिहायला लावलं, "जांभळीचे खोड, एक नग." आणि मला म्हणाले, "बाई, आवक करा."

"शिक्का कुठं मारू?"

"मोडलेल्या तोंडाला. डावीकडं जागा सोडून."

मी मारला. आयुष्यात एवढ्या जोरात शिक्का कधी मारला नव्हता! आबांना पोच दिली. खोड पॅसेजमधे ठेवलं, जिथून कपाट हललं होतं तिथं. लांबी जरा जास्त भरली, म्हणून एक टोक साहेबांच्या केबिनमधे हातभर आत गेलं. दार लागेना.

साहेब मीटिंगहून आले. "हे काय आहे? उचला आधी!"

"आवक झालंय साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "मूळ पुरावा हाय. अर्ज निकाली निघाल्याशिवाय परत देता येत न्हाय."

"मग गोडाऊनला टाका."

"गहाळ झाला तर चौकशी लागेल. सही आपली असंल."

साहेबांनी दार लावायचा प्रयत्न केला. नाही लागलं. चार दिवस एसीचा गारवा आम्हाला आणि साहेबांचं फोनवरचं सगळं बोलणंही आम्हाला! पाचव्या दिवशी खोडातून मुंग्या निघाल्या आणि साहेबांच्या टेबलावर चढल्या. आणि पुढच्या सोमवारी वरच्या ऑफिसातून आमचं दप्तर तपासायला माणसं येणार होती.

"अर्ज नामंजूर करतो," साहेब म्हणाले.

"करा की साहेब. कारण लिहायला लागंल. त्रुटी एकबी न्हाय."

साहेबांनी फाइल मागवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दार उघडं ठेवूनच. त्याच संध्याकाळी गाडी काढून शाहूवाडीला गेले, ओढा बघून आले. नवा साकव म्हणून नाही, पण मोडक्याची दुरुस्ती म्हणून तिथं साकव घालणं त्यांच्याच अधिकारात बसत होतं. शुक्रवारी मंजुरीची सही झाली.

अर्ज निकाली निघाला, पण आबांनी खोड परत नेलं नाही. "नवीन हुतंय, मग ह्ये काय करायचं?" म्हणाले. आता ते लाल रुमालात गुंडाळून रेकॉर्ड रूममधे आहे. अ वर्ग. कापड जोडायला बंडूदादाला दोन रुमाल एकत्र शिवावे लागले.

मी भाऊसाहेबांना विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?" ते म्हणाले, "नियम हाय, बाई."

जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे वाडीत गेलो. लोखंडी साकव, दोन्हीकडं कठडे. पोरं अंघोळी करून, दप्तरं पाठीला लावून पलीकडं रांगेत उभी होती. शाळा दुसऱ्या दिवशी, तरी दप्तरं! साहेबांनी फीत कापली, पण आबा म्हणाले, पहिल्यांदा भाऊसाहेब चालणार. साहेब हसून बाजूला झाले.

भाऊसाहेब निघाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. डावीकडच्या कठड्याला सकाळीच हिरवा ऑइलपेंट मारला होता, अजून ओला होता. पलीकडून गुंडूआबांनी ते बघितलं आणि अख्ख्या ओढ्याला ऐकू जाईल असं ओरडले,

"भाऊसाहेब, डावीकडं चार बोटं जागा सोडा!"

भाऊसाहेब मधोमध थांबले. कठड्याकडं बघितलं. मग आबांकडं बघून तिथूनच विचारलं,

"कुणाची? तुमची, का माझी?"